गणवेश कोणासाठी?

शाळेची घंटा होण्यापूर्वी तुम्ही रोज गणवेश घालता. तो का घालायचा, हा प्रश्न कधी तुमच्या मनात आला आहे का? 'शाळेचा नियम आहे म्हणून,' असे उत्तर तुम्ही द्याल. ते बरोबर आहे. पण पुरेसे नाही. हा नियम का केला? तो कोणाच्या सोयीसाठी आहे? आणि एखाद्या मुलाजवळ गणवेशच नसेल, तर त्याने काय करावे? या पाठात आपण या प्रश्नांचा विचार करू.

आधी शब्द पाहू. 'गण' म्हणजे समूह आणि 'वेश' म्हणजे पोशाख. एका समूहातील सर्वांनी घालायचा सारखा पोशाख म्हणजे गणवेश. पोलीस, परिचारिका, एस.टी.चे वाहक यांनाही गणवेश असतो. उर्दूत तुम्ही त्याला 'यूनिफॉर्म' म्हणता. कपड्यांच्या बाबतीत मराठी आणि उर्दू या भाषा एकमेकींच्या फार जवळ आहेत. उर्दूतला दर्जी मराठीत शिंपी होतो. पण त्याच्या दुकानातले कितीतरी शब्द दोन्ही भाषांच्या ओळखीचे आहेत. 'अस्तर', 'रुमाल' आणि 'पोशाख' हे शब्द मराठीत फारसीतून आले. 'खिसा' हा शब्द फारसी 'कीसा' म्हणजे पिशवी यावरून आला. 'सदरा' हा शब्द अरबी 'सद्र' म्हणजे छाती यावरून आला. एक साधा सदरा शिवायचा म्हटला, तरी त्यात अनेक भाषांचे धागे असतात.

शाळेच्या गणवेशाची गोष्ट फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये लंडन शहरात १५५२ साली 'क्राइस्ट्स हॉस्पिटल' नावाची संस्था स्थापन झाली. नाव हॉस्पिटल असले, तरी ते रुग्णालय नव्हते. शहरातील गरीब आणि अनाथ मुलांना तेथे आसरा, अन्न आणि शिक्षण मिळे. या मुलांना लांब निळा अंगरखा आणि पिवळे मोजे देत. निळा रंग त्या काळी स्वस्त होता, म्हणून तो निवडला, असे सांगतात. पुढे इंग्लंडमध्ये अशा अनेक धर्मादाय शाळा निघाल्या. त्यांना लोक 'निळ्या कोटाच्या शाळा' म्हणू लागले. श्रीमंतांच्या मोठ्या शाळांत गणवेशाचे नियम आले, ते पुष्कळ वर्षांनी.

ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाळेतला गणवेश मुळात शिस्तीसाठी नव्हता. तो थाटासाठीही नव्हता. ज्याच्या अंगावर धड कपडा नाही, त्याला कपडा मिळावा, म्हणून तो होता. गणवेश म्हणजे मुलाकडून काही मागणे नव्हते. मुलाला काही देणे होते.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे या. जिल्ह्यात १६ तालुके आहेत. पुसद, दिग्रस, उमरखेड, दारव्हा, आर्णी, नेर, वणी, राळेगाव, घाटंजी अशी नावे तुम्ही नेहमी ऐकता. येथे नाना प्रकारचे लोक राहतात. कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या घरी उर्दू. बंजारा तांड्यावर गोरमाटी बोली ऐकू येते. कोलाम पोडावर कोलामी, गोंड वस्तीत गोंडी आणि वणी-झरी जामणीकडे तेलुगूही कानी पडते. प्रत्येकाचा पोशाख वेगळा, सणवार वेगळे. शिवाय कोणाचे वडील शेतमजूर, कोणाचे दुकानदार, कोणाची आई शिक्षिका, तर कोणाची आई कापूस वेचायला जाणारी.

ही सगळी मुले एका शाळेत आली आणि प्रत्येकाने आपापल्या घरचे कपडे घातले, तर काय होईल? रंगीबेरंगी वर्ग दिसायला छान वाटेल. पण थोड्याच दिवसांत मुलांच्या नजरा कपड्यांवर जातील. अमक्याचा सदरा नवा, तमक्याचा फाटका. हिच्याकडे पाच पोशाख, तिच्याकडे एकच. लहान वयात अशा गोष्टी मनाला फार लागतात. एखादी मुलगी तेवढ्याच कारणाने शाळेत यायला संकोच करू लागते. गणवेशामुळे ही तुलना बरीच कमी होते. श्रीमंत-गरीब हा भेद गणवेशाने नाहीसा होत नाही. पण निदान शाळेच्या वेळेत तो कपड्यांवरून चटकन दिसत नाही.

गणवेशाचे आणखीही फायदे आहेत. सकाळी कोणते कपडे घालावेत, हा प्रश्न पडत नाही. सणाचे ठेवणीतले कपडे रोज घालून खराब होत नाहीत. सहलीला किंवा प्रभातफेरीला गेल्यावर आपली मुले शिक्षकांना गर्दीत ओळखू येतात. रस्त्यात एखादे लहान मूल चुकले, तर लोक त्याच्या गणवेशावरून त्याची शाळा ओळखतात. 'आपण एका शाळेचे' ही भावनाही त्यातून वाढते.

मग गणवेशाला विरोध कोण करतो? तो का करतो? दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये. म्हणून तीही पाहू.

पहिला आक्षेप खर्चाचा आहे. घरी दोन कपडे आहेतच. मग शाळेसाठी आणखी दोन कशाला घ्यायचे, असे काही पालक विचारतात. काही खासगी शाळा ठरावीक दुकानातूनच गणवेश घ्यायला लावतात. तेथे भाव जास्त असला, तरी पालकांचा इलाज चालत नाही. दुसरा आक्षेप आवडीनिवडीचा आहे. माणूस आपल्या कपड्यांतूनही स्वतःला व्यक्त करतो. सर्वांना एका साच्यात का घालावे, असे काही जण म्हणतात. तिसरा आक्षेप असा, की वरून सारखे दिसल्याने माणसे आतून सारखी होत नाहीत. गणवेश सारखा असला, तरी पायांतील चपला, दप्तर, डबा यांवरून घरची परिस्थिती कळतेच.

जगातही या बाबतीत एकमत नाही. जर्मनीत बहुतेक शाळांना गणवेश नाही. फ्रान्समध्येही सरकारी शाळांत गणवेशाची पद्धत नव्हती. २०२४ साली तेथे सुमारे १०० शाळांत प्रयोग म्हणून गणवेश सुरू करण्यात आला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील लाँग बीच शहराने १९९४ साली आपल्या सरकारी शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना गणवेश सक्तीचा केला. त्यानंतर तेथील शाळांत भांडणे आणि गुन्हे कमी झाल्याचे सांगण्यात आले. त्याची चर्चा देशभर झाली. १९९६ साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनीही आपल्या भाषणात शाळेच्या गणवेशाचा पुरस्कार केला.

पण येथे थोडे थांबून विचार करा. लाँग बीचमध्ये त्याच काळात शाळा सुधारण्याचे इतर उपायही चालू होते. मग सुधारणा गणवेशामुळे झाली, की त्या उपायांमुळे? १९९८ साली डेव्हिड ब्रुन्स्मा आणि केरी ॲन रॉकेमोर या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या मोठ्या पाहणीची माहिती तपासली. गणवेशामुळे मुलांची हजेरी किंवा वागणूक थेट सुधारते, असे त्यांना आढळले नाही. यावरून एक गोष्ट कळते. नुसता कपडा बदलल्याने शाळा सुधारत नाही. चांगले शिक्षक, पुरेशी पुस्तके, स्वच्छ पाणी आणि मायेची वागणूक यांची जागा गणवेश घेऊ शकत नाही.

गणवेशाबरोबर धर्म आणि रीतिरिवाज यांचाही प्रश्न येतो. शीख मुलगा डोक्याला पटका बांधतो. कोणी मुलगी ओढणी घेते, कोणी डोके झाकते. २०२२ साली कर्नाटकात गणवेशाबरोबर हिजाब घालण्यावरून वाद झाला. तो उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगवेगळी मते दिली. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी शाळेतील सारखेपणाच्या नियमाला महत्त्व दिले. न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांनी मुलीच्या शिक्षणाला आणि तिच्या निवडीला महत्त्व दिले. देशातील सर्वांत मोठ्या न्यायालयातील दोन विद्वान माणसांचेही जेथे एकमत होत नाही, तेथे तुमच्या-माझ्या मनात दोन विचार आले, तर नवल नाही. अशा वेळी आवाज चढवून वाद घालू नये. दुसऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे आणि कोणाचेही शिक्षण बंद पडू नये, एवढे पाहावे.

आता आपल्या महाराष्ट्रात काय घडले, ते पाहू. कारण गणवेश हवा की नको, या प्रश्नाचे उत्तर नुसत्या वादाने मिळत नाही. गणवेश मुलांपर्यंत कसा पोहोचतो, यावर ते अवलंबून आहे.

१ एप्रिल २०१० पासून आपल्या देशात बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला. ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत मिळावे, असे हा कायदा सांगतो. मोफत म्हणजे केवळ फी माफ, असे नाही. पुस्तके नाहीत, कपडे नाहीत, म्हणून मूल घरी राहिले, तर फी माफ करून काय उपयोग? म्हणून सरकारी शाळांत पुस्तकांप्रमाणे गणवेशही मोफत देण्याची योजना झाली. वर्षाला दोन गणवेश द्यायचे ठरले. त्यासाठी आधी एका मुलामागे ४०० रुपये मिळत. २०१८ साली 'समग्र शिक्षा' ही योजना सुरू झाल्यावर ही रक्कम ६०० रुपये झाली. म्हणजे एका गणवेशाला ३०० रुपये.

दोन गणवेश का? याचे उत्तर तुमची आई लगेच देईल. एक अंगावर आणि एक धुण्यात. एकच गणवेश असेल, तर तो रोज संध्याकाळी धुऊन सकाळी वाळलेला हवा. विदर्भात शाळा सुरू होतात जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या आरंभी, म्हणजे ऐन पावसाळ्यात. झडीच्या दिवसांत कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. ओला गणवेश घालून मूल आजारी पडते किंवा गैरहजर राहते. म्हणून दुसरा गणवेश ही चैन नव्हे, ती गरज आहे.

या योजनेत बरीच वर्षे एक उणीव होती. मोफत गणवेश सर्व मुलींना मिळे. अनुसूचित जातींच्या, अनुसूचित जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालील घरांतील मुलांनाही मिळे. बाकीच्या मुलग्यांना मात्र मिळत नसे. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाला नवा गणवेश मिळायचा आणि दुसरा तसाच राहायचा. त्या दुसऱ्याचे घर श्रीमंत असे, असे मुळीच नाही. पुष्कळदा त्याचे नाव फक्त दारिद्र्यरेषेच्या यादीत नसायचे. जो गणवेश भेद मिटवण्यासाठी होता, त्यानेच वर्गात नवा भेद निर्माण केला. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने निर्णय घेऊन ही उणीव दूर केली. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या उरलेल्या मुलग्यांनाही राज्याच्या खर्चाने गणवेश देण्याचे ठरले. त्याबरोबर बूट आणि मोजे देण्याचेही ठरले.

पैसा मंजूर झाला, तरी गणवेश मुलाच्या अंगावर येईपर्यंत मोठा रस्ता असतो. कापड निवडणे, खरेदी करणे, मापे घेणे, कापणे, शिवणे, वाटणे ही सारी कामे कोणी करायची? आपल्या राज्यात याचे तीन प्रयोग झाले. तिन्ही समजून घेण्यासारखे आहेत.

एक प्रयोग २०१७ साली झाला. गणवेशाचे पैसे थेट विद्यार्थी आणि त्याची आई यांच्या बँक खात्यात जमा करायचे ठरले. विचार चांगला होता. मधे कोणी नसले, की पैसा गळत नाही. पण पालकांनी आधी गणवेश विकत घ्यायचा, पावती शाळेत द्यायची आणि नंतर पैसे मिळायचे, अशी पद्धत होती. ज्या घरात हाती पैसाच नाही, त्या घराने आधी खर्च कसा करावा? खेड्यातून बँकेत जायचे, तर एक दिवसाची मजुरी बुडते. वर भाडे लागते. ४०० रुपयांसाठी इतका खटाटोप अनेक आयांना परवडला नाही. पुढे हे काम पुन्हा शाळांकडे आले.

दुसरा प्रयोग 'एक राज्य, एक गणवेश' या नावाने झाला. २०२३ साली त्याची घोषणा झाली आणि २०२४-२५ या वर्षी तो पूर्णपणे अमलात आला. राज्यभर सर्व सरकारी शाळांचा गणवेश एकाच रंगाचा करायचा होता. सदरा आकाशी आणि पँट गडद निळी. उर्दू माध्यमाच्या मुलींसाठी सलवार-कमीज व ओढणी ठरली होती. कापड राज्य पातळीवर एकदम खरेदी करायचे आणि महिला बचत गटांनी ते शिवायचे, अशी योजना होती. एकदम खरेदी केली, तर कापड स्वस्त पडेल आणि त्याचा दर्जा सारखा राहील. बचत गटांतील बायांना कामही मिळेल. दुसरा गणवेश स्काउट-गाइडचा होता. त्याचे कापड शाळेला मिळणार होते. तो शिवून घेण्यासाठी एका गणवेशामागे १०० रुपये शिलाई आणि इतर खर्चासाठी १० रुपये ठरवले होते.

पण अडचणी आल्या. चाळीस लाखांहून जास्त मुलांचे कपडे एका वेळी तयार करणे सोपे नव्हते. शाळा सुरू झाल्या. १५ ऑगस्टचा स्वातंत्र्यदिन आला. तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते. झेंडावंदनाला कित्येक मुले जुन्या कपड्यांत उभी राहिली. जेथे गणवेश आले, तेथेही काहींना ते घट्ट झाले, काहींना ढगळ. स्काउट-गाइडचा पोशाख शंभर रुपयांत शिवून द्यायला शिंपी तयार होईनात. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने नवा निर्णय घेतला. २०२५-२६ या वर्षापासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवण्यात आले.

गणवेश घट्ट किंवा ढगळ का झाले, याचे कारण समजून घ्या. वर्ग एक असला, तरी मुले एका मापाची नसतात. सहावीतल्या दोन मुलींच्या उंचीत वीतभर फरक असू शकतो. गावातला शिंपी फितीने छाती, खांदा, बाही आणि उंची मोजतो. मूल वाढीच्या वयाचे आहे, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो पँटच्या खालच्या कडेला जास्त दुमड ठेवतो. दिवाळीनंतर पँट आखूड झाली, की दुमड उसवून लांबी वाढवता येते. दूरवरच्या शहरात यंत्राने एकदम शेकडो कपडे कापताना ही सोय करता येत नाही. तेथे वयावरून अंदाज बांधावा लागतो. आणि अंदाज कितीही चांगला असला, तरी तो माप नव्हे.

तिसरा मार्ग म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचा. आधीही हाच मार्ग होता आणि आता पुन्हा तोच आला आहे. ही समिती म्हणजे काय, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवे. शिक्षणहक्क कायद्याच्या २१व्या कलमानुसार ती स्थापन होते. तिचे किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांपैकी निवडतात आणि मुख्याध्यापक सचिव असतात. म्हणजे तुमच्या शाळेच्या गणवेशाचा रंग, कापड आणि शिंपी ठरवण्यात तुमच्या अम्मींचा, अब्बांचा वाटा असू शकतो. अनेक पालकांना हे ठाऊक नसते. सभेची सूचना येते, ती दप्तरातच राहते. तुम्ही ती घरी वाचून दाखवली, तर तेवढ्यानेही मोठे काम होईल.

ही समिती काय काय पाहू शकते? पहिली गोष्ट वेळ. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी मुलांची मापे घेतली आणि शिवणकाम सुट्टीत झाले, तर शाळा उघडण्याच्या दिवशी गणवेश तयार असतो. अर्थात, त्यासाठी शासनाचा पैसाही वेळेवर यायला हवा. दुसरी गोष्ट शिलाई. गावातील शिंप्याला किंवा शिवणकाम जाणणाऱ्या स्त्रियांना काम दिले, तर पैसा गावातच राहतो आणि बटण तुटले, उसवले, तर दुरुस्ती लगेच होते. तिसरी गोष्ट हिशेब. किती कापड आणले, किती भावाने आणले, किती मुलांना मिळाले, हे फळ्यावर लिहून ठेवले, तर कोणाला शंका राहत नाही. काम जवळ आले म्हणजे ते आपोआप चांगले होते, असे मात्र नाही. जवळची माणसेही निष्काळजी असू शकतात. फरक एवढाच, की त्यांना जाब विचारायला मुंबईला जावे लागत नाही.

चौथी गोष्ट कापडाची. याबाबत यवतमाळकरांना अधिक सांगायला नको. आपला जिल्हा कापसाचा. काळ्या जमिनीत पिकणाऱ्या या पिकाला लोक 'पांढरे सोने' म्हणतात. इंग्रजांच्या काळी यवतमाळ ते मूर्तिजापूर हा नॅरोगेज लोहमार्ग मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठी घातला होता. त्यावरची 'शकुंतला' गाडी तुमच्या दादा-नानांनी पाहिली असेल. येथला कापूस मुंबईला जाई आणि तेथून जहाजाने इंग्लंडच्या गिरण्यांकडे. कापूस येथला, कापड तिकडचे. आज यवतमाळजवळ लोहारा येथील औद्योगिक वसाहतीत डेनिमचे कापड तयार होते. पण आपल्या मुलांच्या अंगावरचा गणवेश पुष्कळदा मिश्र धाग्याचा, म्हणजे टेरिकॉटचा असतो.

कोणते कापड चांगले? सुती कापड घाम टिपते आणि अंग थंड ठेवते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा वेळी सुती कपडा सुखाचा. पण तो पहिल्या धुण्यात आटतो, लवकर चुरगळतो आणि पावसाळ्यात उशिरा वाळतो. मिश्र धाग्याचे कापड टिकते, लवकर वाळते, त्याला इस्त्री कमी लागते. पण उन्हात ते अंगाला चिकटते. म्हणजे प्रत्येकात काही गुण आणि काही दोष आहेत. निवड करताना मुलांना काय सोसते, हे आधी पाहावे. दुकानदाराकडे कोणते ठाण शिल्लक आहे, हे नंतर.

आपल्या शेजारच्या वर्धा शहरात ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली एक शिक्षण परिषद भरली होती. तिने एक समिती नेमली. समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. तेच पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. हाताने काम करत करत शिकावे, असा या नव्या शिक्षणाचा विचार होता. सूत कातणे आणि विणणे यांना त्यात महत्त्वाचे स्थान होते. मुलाने कापूस पाहावा, टकळीवर सूत काढावे आणि त्यातून गणित, भूगोल, इतिहास शिकावा, अशी कल्पना होती. आज आपण शाळेत सूत कातत नाही. पण अंगावरचा कपडा कोठून येतो, त्यामागे किती माणसांचे कष्ट आहेत, हे समजून घेणे आजही शिक्षणच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सरकारी शाळेत गणवेश असावा का? असावा, असे म्हणायला हरकत नाही. पण काही अटींवर. तो प्रत्येक मुलाला मिळाला पाहिजे. तो वेळेवर मिळाला पाहिजे. तो अंगाला नीट बसला पाहिजे. आणि तो ठरवताना मुलांच्या आईवडिलांना विचारले पाहिजे. या अटी पाळल्या, तर गणवेश मुलांना जवळ आणतो. त्या पाळल्या नाहीत, तर तोच गणवेश मुलांना वेगळे पाडतो. साठ मुलांच्या रांगेत अठ्ठावन्न जण गणवेशात आणि दोघे घरच्या कपड्यांत असले, तर सगळ्यांच्या नजरा त्या दोघांकडेच जातात. गणवेश नसता, तर त्यांच्याकडे कोणी पाहिलेही नसते.

म्हणून एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. गणवेश नाही, एवढ्या कारणाने कोणत्याही मुलाला वर्गाबाहेर उभे करू नये. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलांना मारण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. सर्वांसमोर कपड्यांवरून अपमान करणे हा मानसिक त्रासच आहे. आधी मूल वर्गात, मग गणवेश अंगात, असा क्रम हवा.

आणखी एक गोष्ट तुमच्या लवकरच अनुभवाला येईल. मोफत गणवेशाची ही योजना आठवीपर्यंतच आहे. नववीत गेल्यावर गणवेश घरच्या पैशांतून घ्यावा लागतो. कापड, शिलाई, बूट, दप्तर, वह्या असा खर्च एकदम येतो. काही घरांत याच वळणावर मुलीची शाळा सुटते. 'आठवी झाली, पुरे झाले,' असे म्हटले जाते. येथे तुम्ही काही करू शकता. नववीतून दहावीत जाताना ज्यांचे कपडे आखूड झाले, त्यांनी ते स्वच्छ धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून शाळेत जमा करावेत. शाळेने ते गरजू विद्यार्थ्यांना गुपचूप द्यावेत. कोणी दिला आणि कोणी घेतला, हे कोणाला कळू नये. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण तुम्ही घरी ऐकली असेलच. अशा ठिकाणी ती कामाला येते.

आपल्या वर्गात कोणी गणवेशाशिवाय आला, तर त्याला 'का नाही घातला?' असे मोठ्याने विचारू नका. कदाचित त्याचा गणवेश वाळला नसेल. कदाचित धाकट्या भावाने घातला असेल. कदाचित तो अजून मिळालाच नसेल. त्याला आपल्या शेजारी बसायला जागा द्या आणि पुस्तक मधे ठेवा. चारशे-पावणेपाचशे वर्षांपूर्वी लंडनच्या अनाथ मुलांना निळा अंगरखा दिला, तो त्यांना शाळेत घेण्यासाठी दिला. यवतमाळच्या मुलाला मिळणारा आकाशी, पांढरा किंवा खाकी सदराही त्याच कामासाठी आहे. गणवेश मुलासाठी आहे. मूल गणवेशासाठी नाही.